खोट्या भंडाऱ्याचा हात

भंडारा उचलताना समीक्षाला हसू आलं होतं. पुढं तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या हसण्याचीच.

मतदानाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आटपाडीच्या पुढं माळावर मेटकरीवस्ती आहे. माणसं थोडी, मेंढरं जास्त, आणि सगळ्यांच्या वरच्या अंगाला बिरोबाचं देऊळ. ग्रामपंचायतीला वस्तीतून नानासोची बायको संयोगिता उभी होती. जागा बाईसाठी राखीव असली की उभी बायको राहते आणि हात नवरा जोडत फिरतो, हे काही नव्यानं सांगायला नको. तर नानासोनं दिवस मावळायच्या आत सगळी वस्ती देवळापुढं गोळा केली. हळदीच्या भंडाऱ्यानं भरलेलं ताट देवापुढं ठेवलं आणि म्हणाला, कपबशीला, म्हणजे संयोगिताच्या चिन्हाला, मत देणाऱ्यानं भंडारा उचलावा, ज्याला द्यायचं नसेल त्यानं खुशाल घरी जावं. आता सगळ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत उठून घरी जायला माणूस वेडाच पाहिजे. कुणी गेलं नाही.

भंडारा उचलला म्हणजे देवाला शब्द दिला. माणूस कागदावरच्या सहीला नाही म्हणेल, कोर्टात उभं राहून धडधडीत खोटं बोलेल, पण भंडारा उचलून फिरलेला माणूस ह्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. निदान सगळे तसं म्हणायचे. पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर भाषणावर घसा कोरडा करण्यापेक्षा त्यांना चिमूटभर हळद पुरते.

समीक्षा मूळची फलटणकडची. तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, अर्जुनाशी लग्न करून इकडं आलेली, आणि त्या दिवसांत सहा महिन्यांची पोटुशी. चिमटीत भंडारा धरला तेव्हा तिला तिच्या क्रांती मॅडम आठवल्या. मॅडम वर्गात सांगायच्या, माणूस गवतातून हिंडत होता त्या काळात गवत हललं की दोन तऱ्हेची माणसं दिसायची. एक म्हणायचा, जनावर असेल, आणि पळत सुटायचा. दुसरा म्हणायचा, वारा असेल, बघू तरी. बहुतेक वेळा वाराच असायचा. पळणारा फुकट धापा टाकायचा आणि बघणारा त्याला हसायचा. पण कधीतरी वारा नसायचा, आणि त्या दिवशी बघणाऱ्याचा वंश बुडायचा. आपण सगळे त्या पळणाऱ्यांची नातवंडं, असं मॅडमचं म्हणणं. समोर नसलेलं कुणीतरी आहे असं वाटणं, मोठ्या माणसानं भीती घातली की लेकरानं उलट न विचारता ऐकणं, ह्याच्यावरच माणूस जगला. देव, भूत, करणी, सगळं त्याच गवतातून बाहेर आलं. समीक्षाला तो तास फार आवडला होता. परीक्षेत तिनं त्यावर पानं भरून लिहिलंही होतं. म्हणून त्या संध्याकाळी, पदर डोक्यावर घेऊन पापण्या घट्ट मिटलेल्या बायांच्या ओळीत उभं राहून तिला हसू आलं. ते तिनं पदरात दाबलं आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं."

मत मात्र तिला रेश्माला द्यायचं होतं, आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी समीक्षाचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. अर्जुना तेव्हा मेंढरं घेऊन कराडकडं गेलेला. नानासोची जीप दारात उभी होती, पण ड्रायव्हर नाही असा निरोप आला. खालच्या आळीची रेश्मा मात्र आपल्या मोपेडवर समीक्षाला लेकरासारखी पुढ्यात धरून तालुक्याला घेऊन गेली होती. मूल वाचलं नाही, पण समीक्षा वाचली. आता रेश्मा संयोगिताच्या विरोधात शिट्टीच्या चिन्हावर उभी होती. अशा बाईला सोडून कपबशी दाबायची म्हणजे समीक्षाला लाज वाटली असती. हळदीची भीती तिला नव्हतीच.

मतदानाला ती सासूबरोबर गेली. सासूला ती आत्या म्हणायची. धोंडुबाईला लिहितावाचता येत नव्हतं आणि मशीनपुढं तीन जागांसाठी तीन रंगांच्या कागदांवर तीन बटणं दाबायची होती. परत येताना म्हातारी वाटेत दोनदा थांबली आणि आपल्या बोटाकडं बघत राहिली. मशीननं पीं केलं खरं, पण बोट नेमकं कुठल्या चित्रावर पडलं ते उमगलं नाही, असं तिचं म्हणणं. समीक्षानं हसून सांगितलं, पीं झालं म्हणजे झालं, आता कशाला डोकं शिणवायचं. तिला स्वतःला आतून फार बरं वाटत होतं.

संयोगिता एका मतानं पडली.

निकालाच्या दिवशी नानासोनं आरडाओरड केली असती, शिव्या दिल्या असत्या, तर सगळं तिथंच फिटलं असतं. पण त्यानं तसं काही केलं नाही. तो अंघोळ करून देवळात गेला, पुन्हा वस्ती गोळा केली आणि अगदी हळू आवाजात बोलला. समीक्षा मागं भिंतीला टेकून उभी होती, तरी तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाव मी घेत न्हाई. मला ठावं बी न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं देवाकडं हात केला. "त्याला ठावं हाय. ज्या हातानं खोटा भंडारा उचलला, त्यो हात ह्याच्या म्होरं काय उचलायचा न्हाई. बघा तुमी."

एवढंच. मग तो चपला घालून घरी गेला. माणसं उठली. जो तो आपला उजवा हात अंगाशी धरून चालला होता, आणि ते बघून समीक्षाला ह्या वेळेला हसू आलं नाही. तिनंही आपला हात पदराखाली घेतला होता. हे घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या दीपमालाच्या हाताला मुंग्या आल्या. ती पाणी शेंदत होती, दोर सुटला, आणि ती विहिरीच्या काठावरच रडायला बसली. दीपमालानं इमानानं कपबशी दाबली होती. खोटं बोलण्याइतकी अक्कलच नव्हती बिचारीच्यात. पण दुपारपर्यंत आणखी दोघीतिघींचे हात जड झाले. बाप्यांनी वरून नाही दाखवलं, तरी चहाची कपबशी धरताना सगळे डाव्या हाताचा आधार द्यायला लागले. खुद्द नानासोसुद्धा देवळाच्या पायरीवर बसून आपलं मनगट चोळत होता. मागच्या निवडणुकीत पाण्याच्या टाकीचा शब्द देताना त्यानंही भंडारा उचलला होता, आणि टाकी काही झाली नव्हती.

मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी अर्जुना कधी कधी गमतीनं काठी आडवी धरायचा. पहिलं मेंढरू काठीवरून उडी मारायचं, दुसरंही मारायचं. मग अर्जुना काठी काढून घ्यायचा. पण मागची सगळी मेंढरं तिथं आली की उडी मारायचीच, नसलेल्या काठीवरून. नवीन लग्न झालेलं असताना समीक्षा हे बघून पोट धरून हसली होती. आता वस्तीत तेच चाललंय हे तिला कळत होतं. ह्याला काय म्हणतात ते नावही तिला येत होतं. फरक इतकाच की ह्या खेपेला ती जाळीच्या बाहेर उभी नव्हती.

संध्याकाळी धोंडुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि समीक्षा शेजारी लसूण सोलत बसली होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला. समीक्षाला वाटलं म्हातारी दमली असेल. तिनं वर बघितलं तर धोंडुबाई परातीतल्या अर्ध्या भाकरीवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडं टक लावून बघत होती. मग तिनं डाव्या हातानं तो उजवा हात उचलला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा, आणि मांडीवर ठेवला. त्याला पीठ तसंच लागलेलं होतं.

"समीक्षे, माझा हात ग्येला," ती म्हणाली.

समीक्षा लसूण टाकून उठली. तिनं हात चोळला, शेकला, तेल लावलं. हात लाकडासारखा पडून राहिला. आणि म्हातारी हळूहळू बोलायला लागली, की तिला मतदानाच्या दिवशीच शंका आली होती, बोट खाली घसरलं होतं, तिथं शिट्टीच असणार, आणि आपण देवाला खोटं पाडलं. समीक्षा तिला म्हणत राहिली की तसं काही नाही, तुमचं बटण बरोबर पडलं असणार. पण ते कशावरून, हे तिला सांगता येईना. सांगायचं तर एकच गोष्ट होती.

दीपमालाचा हात दोन दिवसांत सुटला. देवापुढं रडून आली, कपाळभर भंडारा लावला आणि बरी झाली. बाकीच्यांचेही सुटले. धोंडुबाईचा सुटला नाही, आणि तिथंच वस्तीनं ताडलं. दळायला, पाण्याला जाताना बाया ह्या घरावरून वळसा घालून जायला लागल्या. उभा जन्म बिरोबाच्या देवळाचं सारवण केलेल्या बाईकडं बघून पोरंसोरं हात मागं लपवायला लागली.

अर्जुनानं आईला सांगलीला डॉक्टरकडं नेलं. समीक्षाही गेली. डॉक्टरनं सुया टोचल्या, हातोडीनं ठोकून बघितलं, फोटो काढले. शेवटी म्हातारीला उताणं झोपवून त्यानं तिचा मेलेला हात बरोबर तिच्या तोंडावर उंच धरला आणि सोडून दिला. हात तोंडावर आपटला नाही. बाजूला सरकून उशीवर पडला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाला, खरंच लुळा असता तर नाकावर पडला असता. नसा ठणठणीत आहेत. हात जिवंत आहे, फक्त बाईंना ते ठाऊक नाही, आणि त्या सोंगही करत नाहीत. मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडं न्या, बऱ्या होतील.

समीक्षाला हे सगळं आधीच माहीत होतं. घरी येताना तिनं अर्जुनाच्या मागं लकडा लावला, मिरजेला जायचंच, उशीर करायचा नाही. पण धोंडुबाई गाडीत नुसती खिडकीबाहेर बघत होती. देवाचं दुखणं डॉक्टर काय बघणार, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आणि मग तिनं जेवण सोडलं.

रुसून नाही सोडलं. तिचा हिशेब सरळ होता. ज्या हातानं खोटा भंडारा उचलला त्या हातानं घास घेता येत नव्हता, आणि डाव्या हातानं खाणं तिला जन्मात जमणार नव्हतं, तिच्या मते ते माणसाचं खाणंच नव्हे. समीक्षा भरवायला बसली तर तिनं तोंड फिरवलं. खोटं पडलेल्या बाईचं उष्टं पोटुशीच्या हाताला लागायला नको, पोटातल्या जिवाला बाधेल, असं तिचं म्हणणं. अर्जुनानं भरवलं तर दोन घास चघळून ती ते बाजूला काढून ठेवायची. चहाचे घोट तेवढे पोटात जात होते. आठवडा उलटला तशी तिच्या गळ्याची हाडं वर आली. उठून बसली की डोळ्यापुढं अंधारी यायची. एका सकाळी ती अंगणातच खाली बसली आणि तिला उचलून आणावं लागलं. अर्जुनानं उचललं तेव्हा, आई इतकी हलकी कशी, असं म्हणून तो रडायला लागला. समीक्षानं त्याला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

नंतर गोठ्यामागं त्यानं बायकोला विचारलं, "आयनं खरंच शिट्टी दाबली असंल का गं?"

समीक्षा सांगणारच होती. हा आपला नवरा, भला माणूस, हातातली भाकरी अर्धी करून देणारा. पण ह्यालाही भंडारा म्हणजे भंडारा. उद्या ह्यानं बॅग भरून फलटणच्या गाडीत बसवलं तर? वस्तीनं ह्याचं पाणी तोडलं तर? ती म्हणाली, "मला काय ठावं." आणि आत येऊन चुलीपुढं बसली.

ती भ्यायली होती, ह्यात काही आडपडदा नको. नुसती नवऱ्याला आणि वस्तीला भ्यायली असती तर एक वेळ चाललं असतं. पण पाण्याची घागर उचलताना तिला आता आपला उजवा हात जड वाटायचा. असं का वाटतं हे तिला ठाऊक होतं, ह्यावर तिनं पानं भरून लिहिलं होतं, आणि तरी तो जड वाटायचा. शिकलेलं सगळं डोक्यात होतं. भीती त्याच्या खाली कुठंतरी राहत होती, तिथवर पुस्तक पोचत नव्हतं. एका दुपारी पोटातलं मूल बराच वेळ हललं नाही. तिनं गूळ खाल्ला, डाव्या कुशीवर पडली, हात पोटावर ठेवला, मग एकदम घाबरून तो उजवा हात काढला आणि डावा ठेवला. मूल हललं. ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडताना तिला कळलं की आपण आत्ता काय केलं.

त्याच दुपारी तिनं ठरवलं. म्हातारी मरणार होती, आणि तिच्या मरणाला समीक्षाचं बोट कारण होणार होतं. बाकी काय व्हायचं ते होऊ दे. शिवाय मनात एक आशाही होती. खोटा भंडारा मी उचलला आणि माझा हात धडधाकट आहे, हे दिसल्यावर म्हातारीच्या डोक्यातलं भूत पळून जाईल. साधा पुरावा होता. वर्गात कुणीही मान्य केला असता.

अर्जुना मेंढरं घेऊन माळाला गेलेला होता. धोंडुबाई ओसरीत वाकळेवर पडली होती. समीक्षा तिच्या उशाशी बसली.

"आत्या, तुमी काय केलं न्हाई," ती म्हणाली. "खोटा भंडारा म्या उचलला. शिट्टी म्या दाबली. रेश्मासाठी."

धोंडुबाईनं डोळे उघडले. मग म्हणाली, "माझा जीव वाचावा म्हून खोटं बोलाय लागलीस व्हय."

समीक्षानं परोपरीनं सांगितलं. कुठल्या कागदावर कुठलं चित्र होतं, आपण कितव्या ओळीत बोट ठेवलं, सगळं. म्हातारीला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. शेवटी तिनं मान उचलली आणि डाव्या हातानं भिंतीतल्या देवळीकडं बोट केलं. तिथं देव्हाऱ्यात भंडाऱ्याची वाटी होती.

"उचल," ती म्हणाली. "आनि मग सांग."

आता ह्याला काय म्हणावं. भंडारा मोडला हे सांगायला पुन्हा भंडाराच उचलायचा. समीक्षा उठली. वाटीपाशी गेली. पहिल्या वेळी चिमटीत हळद धरताना जिला हसू आलं होतं ती बाई कुठली कोण, असं तिला वाटलं. बोटं हळदीला लागली तेव्हा तिच्या पाठीवर काटा आला. पण तिनं उचलला. "बिरोबाच्या साक्षीनं सांगते," ती म्हणाली, "शिट्टी म्या दाबली." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

धोंडुबाईचा चेहरा बघता बघता बदलला. आधी राग आला असेल असं समीक्षाला वाटलं, पण राग नव्हता. पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस उभा राहतो तशी म्हातारी ताठ बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपण खोटं पडलो नाही, देवाशी आपला शब्द खरा राहिला, हेच ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. मग ती म्हणाली, "भूक लागलीया. काय हाय का गं?"

समीक्षा धावत गेली. दुधात भाकरी कुस्करून आणली आणि भरवायला बसली. म्हातारीनं ह्या वेळेला तोंड फिरवलं नाही. ती घास गिळत होती आणि समीक्षाच्या पोटावर डावा हात फिरवत होती. समीक्षाला वाटलं, आपण जिंकलो. आता फक्त शेवटचं सांगायचं राहिलं.

"आणि बघा, आत्या," तिनं आपला उजवा हात पुढं केला, मूठ मिटली, उघडली. "म्या खोटं केलं, आनि माझ्या हाताला काय सुदिक झालं न्हाई. म्हंजे देवाचा कोप बीप काय न्हाई. तुमचा बी हात चांगला हाय. उचला बघू."

धोंडुबाई तिच्या मुठीकडं बघत राहिली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

"तुझा चांगला हाय म्हून तर मला उमगलं," ती म्हणाली. "पोटुशीचा हात देव कसा धरंल? घरातला एक हात त्याला पायजे हुता. त्यानं माझा घ्येतला."

समीक्षानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"अर्जुनाला सांगू नगंस. कुनालाच सांगू नगंस. लोकं मला म्हनायचं ते म्हनू देत, मी म्हातारी हाय," धोंडुबाई सावकाश बोलत होती, घास चावत. "आनि ते मिरजंचं तेवढं बंद कर. ह्यो हात बरा झाला तर देव दुसरा हुडकंल. आनि हात तरी कशाला, पोटातलं बी हुडकंल. ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मी सांभाळते त्याला."

समीक्षानं वाद घातला. त्या दिवशी घातला, दुसऱ्या दिवशी घातला. गवताची आणि वाऱ्याची गोष्ट सांगितली. काठीवरून उड्या मारणाऱ्या मेंढरांची सांगितली. म्हातारीनं सगळं कौतुकानं ऐकलं आणि म्हणाली, पळालेली वाचली म्हणतीस ना, मग मी तेच करतेय, तुला घेऊन पळतेय. धोंडुबाई आता दोन्ही वेळा सुनेच्या हातून जेवत होती. अंगात जीव आला होता, डाव्या हातानं अंगण झाडत होती. उजवा हात पदरात गुंडाळून छातीशी धरलेला असायचा, तान्हं लेकरू धरावं तसा, आणि त्याच्याकडं ती मायेनं बघायची. वस्तीतल्या बाया अजूनही वळसा घालून जात होत्या. ती त्यांना हसून हाक मारायची.

समीक्षा मात्र हटली नाही. मिरजेला न्यायचंच, म्हातारी नको म्हणाली तरी गाडीत घालून न्यायचं, असं तिनं अर्जुनाला पढवून ठेवलं. ती रोज त्याला आठवण करून द्यायची. शेवटी त्यानं गाडीवाल्याशी बोलून येतो म्हणून कबूल केलं.

त्या दुपारी ऊन कडक होतं. धोंडुबाई ओसरीत झोपली होती, तोंड किंचित उघडं, श्वास एका लयीत. समीक्षा जवळच बसून बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या चौघड्या शिवत होती. एक माशी म्हातारीच्या गालावर बसली. उडाली, पुन्हा बसली. आणि झोपेतच धोंडुबाईनं उजवा हात पदरातून काढला, माशी हाकलली, कानामागं खाजवलं, आणि हात पोटावर ठेवून कूस बदलली.

सुई समीक्षाच्या हातातच राहिली. हात जिवंत होता. डॉक्टर म्हणाला तसाच. मिरजेचा डॉक्टर पंधरा दिवसांत सोडवेल त्याला. आनंदानं ओरडायला पाहिजे होतं, अर्जुनाला हाक मारायला पाहिजे होती. त्याऐवजी तिला म्हातारीचं बोलणं आठवलं, ह्यो हात बरा झाला तर देव दुसरा हुडकंल. तिनं सुई टोचून ठेवली. उजवी मूठ मिटली. उघडली. परत मिटली. मग दोन्ही हातांनी पोट धरून ती तशीच बसून राहिली, कान आत लावून, मूल हलतंय का ते ऐकत. ते झोपलं असेल. दुपारी झोपतं ते. तिला ठाऊक होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. अर्जुना दारात आला, आई झोपलेली बघून आवाज उतरवला आणि म्हणाला, गाडी मिळाली, उद्या सकाळीच निघता येईल, गाडीवाला होय की नाही विचारतोय.

समीक्षानं म्हातारीच्या अंगावरून सुटलेला पदर उचलला. तो उजवा हात हळूच त्यात गुंडाळला आणि होता तसा छातीशी ठेवला.

"ऱ्हाऊ दे एवढ्यात," ती म्हणाली. "माझं बाळंतपण होऊ दे. मग न्हिऊ."